‘असं कधीच होणार नाही’ हे तपासायचं कसं? : मॉडेल चेकिंगवर वाचकांचे प्रश्न

टेम्पोरल लॉजिक (‘सदैव’, ‘कधीतरी’ अशा काळाच्या शब्दांत गुणधर्म नेमके लिहिण्याची भाषा) आणि मॉडेल चेकिंग (सिस्टिमच्या मॉडेलच्या सगळ्या शक्य स्थिती साधनाने तपासणं) यांवर आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. काही प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर रोज रात्री हजारो टेस्ट चालतात. तरी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दोन थ्रेड एकाच वेळी एकाच फाइलवर लिहितात. पुन्हा घडवून पाहायला गेलं की घडत नाही. मॉडेल चेकिंगने यात नेमका काय फरक पडेल? (टेस्ट इंजिनिअर, पुणे)

उत्तर : अशा चुका टेस्टमधून का निसटतात ते आधी आकड्यांत पाहा. दोन प्रोसेस, प्रत्येकीच्या ३ पायऱ्या, तर त्या एकमेकींत मिसळण्याचे २० क्रम होतात. प्रत्येकी १० पायऱ्या असतील तर १,८४,७५६. प्रोसेस तीन आणि पायऱ्या प्रत्येकी १० असतील तर साडेपाच लाख कोटींच्या वर. टेस्ट कितीही वेळा चालवली तरी शेड्यूलर बहुधा त्यातले तेच ते मोजके क्रम देतो.

आता पीटरसनचा १९८१ चा अल्गोरिदम घ्या. दोन प्रोसेसपैकी एका वेळी एकीलाच सामायिक भागात जाऊ देणं हे त्याचं काम. दोन फ्लॅग आणि एक टर्न. आत शिरण्याआधी प्रत्येक प्रोसेसने आधी आपला फ्लॅग उभा करायचा, मग टर्न दुसरीला द्यायची, आणि दुसरीचा फ्लॅग उभा असून टर्नही तिचीच असेल तोवर थांबायचं. हा क्रम बरोबर आहे. कुणी पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली, म्हणजे आधी टर्न आणि मग फ्लॅग, तर कोड वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. मॉडेल चेकर मात्र हे हातात ठेवतो :

१. पहिली प्रोसेस टर्न दुसरीला देते.
२. दुसरी प्रोसेस टर्न पहिलीला देते.
३. दुसरी आपला फ्लॅग उभा करते.
४. दुसरी पाहते : पहिलीचा फ्लॅग खाली आहे. ती आत जाते.
५. पहिली आपला फ्लॅग उभा करते.
६. पहिली पाहते : दुसरीचा फ्लॅग उभा आहे, पण टर्न आपली आहे. तीही आत जाते.

वीस क्रमांपैकी गडबड फक्त दोनांत होते : हा एक, आणि प्रोसेसची अदलाबदल करून मिळणारा दुसरा. प्रत्यक्ष मशीनवर तो घडायला एका प्रोसेसच्या लागोपाठच्या दोन ओळींमधल्या फटीत दुसरीच्या तीन पायऱ्या पूर्ण व्हाव्या लागतात. म्हणूनच महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. मॉडेल चेकरला वेळेशी घेणंदेणं नसतं. सुरुवातीच्या स्थितीपासून पोहोचता येण्याजोगी प्रत्येक स्थिती तो एकदा पाहतो, पाहिलेली लक्षात ठेवतो आणि वेगवेगळ्या वाटांनी त्याच स्थितीला आलं की पुढचं काम पुन्हा करत नाही. शिवाय मिळतो तो सहा ओळींचा ट्रेल, जो कितीही वेळा तसाच्या तसा चालवून पाहता येतो. तुमच्या अडचणीत खरी गरज याच वस्तूची आहे.

सगळा सर्व्हर मॉडेल करायला जाऊ नका. लॉक, दोन थ्रेड आणि ‘फाइलवर कोण लिहितंय’ हा एक आकडा पुरे. स्पिन हे साधन घेतलं तर त्याच्या प्रोमेला भाषेत पन्नासेक ओळींत काम होतं आणि तपासणी क्षणात संपते.

एक इशारा इथेच द्यायला हवा. बरोबर क्रमातला पीटरसनसुद्धा आजच्या एक्स-८६ प्रोसेसरवर साध्या व्हेरिएबलनी लिहिला तर फसतो. फ्लॅगचं लिहिणं स्टोअर बफरमध्ये (प्रोसेसरच्या लिहिण्याच्या तात्पुरत्या रांगेत) अडकलेलं असतानाच पुढचं वाचन होऊन जातं आणि दोघींनाही समोरचा फ्लॅग खाली दिसतो. स्पिन धरून चालतो की लिहिलेलं सगळ्यांना लगेच दिसतं, त्यामुळे ही चूक त्याला दिसणार नाही. एक तर कोडमध्ये अ‍ॅटॉमिक व्हेरिएबल वापरून क्रम पक्का करा, नाहीतर प्रत्येक प्रोसेसचा स्टोअर बफर मॉडेलमध्ये एक छोटा चॅनेल (संदेशांची रांग) म्हणून दाखवा.

प्रश्न : एलटीएल (सिस्टिमच्या एकेका वाटचालीबद्दल बोलणारं टेम्पोरल लॉजिक) तपासताना आधी फॉर्म्युला नाकारायचा आणि मग त्याचा ऑटोमॅटन (स्थिती आणि बाणांचं यंत्र) करायचा, असं शिकवलं. नाकारायचा कशासाठी? आणि डेप्थ-फर्स्ट सर्च (एक वाट शेवटपर्यंत जाऊन मग मागे फिरणारा शोध) एकात एक असा दोनदा का करतात? (संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : ‘सिस्टिमची प्रत्येक धाव (सुरुवातीपासूनची न संपणारी वाटचाल) गुणधर्म पाळते’ हे सरळ दाखवायचं तर गुणधर्माच्या ऑटोमॅटनचा पूरक, म्हणजे नेमक्या उरलेल्या धावा स्वीकारणारा ऑटोमॅटन लागतो, आणि अशा अनंत धावा वाचणाऱ्या ब्युखी ऑटोमॅटनचा पूरक काढणं फार महागात जातं. फॉर्म्युला नाकारायला मात्र एक चिन्ह पुरतं. म्हणून प्रश्नच उलटा विचारायचा : गुणधर्म मोडणारी एक तरी धाव आहे का? १९८६ मध्ये वार्डी आणि वोल्पर यांनी ही मांडणी केली.

उदाहरण घेऊ. गुणधर्म : ‘सदैव, विनंती आली तर कधीतरी उत्तर येतं.’ नाकारला की होतं : ‘कधीतरी अशी विनंती येते की त्या क्षणापासून उत्तर कधीच येत नाही.’ याचा ऑटोमॅटन दोन स्थितींचा. पहिल्या स्थितीत काहीही घडलं तरी थांबता येतं. विनंती आहे आणि उत्तर नाही अशा कोणत्याही क्षणी ‘हीच ती विनंती’ असा अंदाज बांधून तो दुसऱ्या स्थितीत उडी मारतो. दुसरी स्थिती स्वीकारणारी आहे, पण उत्तर येत नाही तोवरच तिथे राहता येतं. उत्तर आलं की अंदाज चुकला आणि ती वाट तिथेच संपली. हा ऑटोमॅटन सिस्टिमबरोबर पावलाला पाऊल लावून चालवायचा. दोघांच्या गुणाकारात स्वीकारणाऱ्या स्थितीतून अनंत वेळा जाणारी वाट सापडली की गुणधर्म मोडला.

स्थिती मोजक्याच असल्यामुळे ‘अनंत वेळा’चा अर्थ एवढाच उरतो : एखादी स्वीकारणारी स्थिती सुरुवातीपासून गाठता येते आणि ती स्वतः एका चक्रावर आहे. प्रतिउदाहरणाचा आकार म्हणून नेहमी फासासारखा असतो, आधी सरळ दोरी आणि पुढे गाठ.

असं चक्र टारजनच्या अल्गोरिदमने, एससीसी (एकमेकींपर्यंत पोहोचता येणाऱ्या स्थितींचे गट) काढूनही सापडतं, पण त्यात प्रत्येक स्थितीबरोबर आकडे बाळगावे लागतात. कुर्कूबेतीस, वार्डी, वोल्पर आणि यान्नाकाकिस यांच्या दुहेरी शोधात स्थितीमागे दोन बिट पुरतात. बाहेरचा शोध नेहमीसारखा चालतो. स्वीकारणाऱ्या स्थितीचे सगळे पुढचे शेजारी पाहून झाले आणि तिथून मागे फिरायची वेळ आली की त्या स्थितीपासून आतला शोध सुरू करायचा. तो फिरून तिथेच आला तर चक्र मिळालं. बाहेरचा स्टॅक म्हणजे दोरी, आतला स्टॅक म्हणजे गाठ.

आतला शोध स्थितीत शिरताना नाही, निघताना का सुरू करायचा? हे कागदावर काढूनच पाहा. तीन स्थिती : अ, क, ब. अ आणि ब स्वीकारणाऱ्या. बाण अ पासून क कडे, क पासून ब कडे आणि ब पासून परत क कडे. अ चक्रावर नाही, ब आहे. शिरताना सुरू केलं तर अ पासूनचा आतला शोध क आणि ब दोन्हींवर ‘पाहिलं’ अशी खूण करतो आणि अ ला न पोहोचता संपतो. नंतर ब ची पाळी येते तेव्हा क वर आधीच खूण असते, शोध तिथेच थांबतो आणि चक्र हातचं जातं. निघताना सुरू केलं तर ब आधी संपते, तिच्यापासून क आणि क पासून परत ब. सापडलं.

हा अल्गोरिदम स्वतः लिहिताना दोन चुका फार होतात. पहिली, आतल्या शोधाच्या खुणा दर वेळी पुसणं. निकाल बरोबरच येतो, पण वेळ वर्गाच्या पटीत वाढतो. दुसरी, दोन्ही शोधांना एकच खूण वापरणं. मग निकालच चुकतो.

प्रश्न : शिकायला एलटीएल घ्यावं की सीटीएल? (सांगली)

उत्तर : आधी एलटीएल. एकेका धावेबद्दल बोलणारं असल्यामुळे माणसाला ते सहज सुचतं, आणि अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये टेम्पोरल लॉजिक प्रोग्रॅमसाठी आणलं तेही याच रूपात. सीटीएल प्रत्येक स्थितीतून फुटणाऱ्या शक्य वाटांच्या फांद्यांबद्दल बोलतं. क्लार्क आणि इमर्सन यांनी १९८१ मध्ये त्याच्या तपासणीचा अल्गोरिदम दिला. स्वतंत्रपणे तेच करणारे सिफाकिस आणि हे दोघे यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सीटीएलची तपासणी सोपी आहे : फॉर्म्युल्याच्या सगळ्यांत आतल्या तुकड्यापासून सुरुवात करून, तो ज्या स्थितींत खरा आहे त्यांवर खूण करत बाहेर यायचं. वेळ लागतो तो फॉर्म्युल्याची लांबी गुणिले स्थिती आणि बाणांची बेरीज, एवढाच. एलटीएलमध्ये तो लांबीच्या घातात वाढू शकतो, पण व्यवहारातले फॉर्म्युले दोन-चार ऑपरेटरचे असतात, त्यामुळे सहसा जाणवत नाही.

दोघांत कुणी मोठं नाही. ‘कुठेही असलो तरी रीसेटला जाण्याची एक वाट शिल्लक असते’ हे एलटीएलमध्ये सांगताच येत नाही. ‘कधीतरी शांत होतं आणि मग कायम शांत राहतं’ हे सीटीएलमध्ये नेमकं बसत नाही.

लिहिताना सर्वांत जास्त सुटतो तो बाहेरचा ‘सदैव’. ‘विनंती असेल तर कधीतरी उत्तर’ एवढंच लिहिलं तर फक्त अगदी पहिला क्षण तपासला जातो. पहिल्या क्षणी विनंती नसतेच, साधन ‘खरं’ सांगतं आणि आपण खूश होतो.

प्रश्न : पाच प्रोसेसचं मॉडेल स्पिनमध्ये ३२ जीबी मेमरी खाऊन बंद पडतं. मोठं मशीन घ्यावं का? (बंगळुरू)

उत्तर : आत्ताच नको. स्पिन निकालात एका स्थितीचा आकार बाइटमध्ये छापतो. तो २०० असेल तर १५ कोटी स्थितींना ३० जीबी लागतात. मेमरी दुप्पट केली आणि एखादा चॅनेल एका घराने वाढवला की परत तिथेच याल.

सुरुवात चॅनेलपासून करा, कारण फुगवटा बहुधा तिथेच असतो. पाच प्रकारचे संदेश आणि ८ घरांचा चॅनेल असेल तर त्या एकट्या चॅनेलच्या ४,८८,२८१ शक्य स्थिती होतात. २ घरं ठेवली तर ३१. क्रमाच्या चुका बहुतेक वेळा दोन घरांतही उघड्या पडतात. त्यानंतर आकडे. संदेशाचा क्रमांक बाइटमध्ये ठेवला तर तो स्थिती २५६ पटींपर्यंत वाढवू शकतो. प्रोटोकॉलला फक्त ‘हा जुना की नवा’ एवढंच हवं असेल तर ० आणि १ पुरतात. काम संपलेलं लोकल व्हेरिएबल परत ० करा, नाहीतर एकच स्थिती साधन शंभर वेगळ्या स्थिती म्हणून मोजतं. लॉगसाठी ठेवलेले मोजणीचे आकडे मॉडेलमधून काढूनच टाका.

लागोपाठच्या ओळी अ‍ॅटॉमिकमध्ये बांधल्यानेही (म्हणजे त्यांच्या मध्ये कुणी घुसू नये असं सांगितल्यानेही) मोठा फरक पडतो. पण प्रत्यक्ष कोडमध्ये ज्या ओळींच्या मध्ये दुसरा थ्रेड घुसू शकतो, त्या कधीही बांधू नका. वरच्या पीटरसनमधल्या त्या दोन ओळी अ‍ॅटॉमिकमध्ये टाकल्या असत्या तर चूक मॉडेलमधून नाहीशी झाली असती आणि कोडमध्ये तशीच राहिली असती. मेमरी वाचवायच्या नादात नेमकं हेच होतं.

पार्शल ऑर्डर रिडक्शन स्पिनमध्ये मुळातच चालू असतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या पायऱ्यांचा एकच क्रम त्यात तपासला जातो. त्यावर विसंबायचं असेल तर फॉर्म्युल्यात ‘पुढच्या क्षणी’ हा ऑपरेटर वापरू नका, कारण ‘पुढचा क्षण’ कोणता हे या काटछाटीनंतर बदलतं.

एवढं करूनही भागलं नाही तर कोलॅप्स कॉम्प्रेशन (स्थिती कमी जागेत साठवण्याचा पर्याय). वेग कमी होतो, पण उत्तर पूर्ण राहतं. बिटस्टेट सगळ्यांत शेवटी : त्यात प्रत्येक स्थितीसाठी फक्त काही बिट ठेवतात, त्यामुळे दोन वेगळ्या स्थिती एकच समजल्या जाऊन काही भाग न पाहता राहू शकतो. बिटस्टेटने दाखवलेली चूक खरीच असते. त्याने ‘चूक नाही’ म्हटलं तर ते सिद्ध झालं असं धरू नका.

आणि निकाल वाचताना सर्च डेप्थ कमी पडल्याचा इशारा आहे का ते पाहाच. खोलीची मर्यादा मुळात १०,००० पायऱ्यांची असते. ती ओलांडली की स्पिन पुढचं सोडून देतो आणि खाली शून्य चुका छापतो. मर्यादा वाढवून पुन्हा चालवल्याशिवाय त्या शून्याला अर्थ नाही.

मॉडेल हार्डवेअरच्या अंगाचं असेल, म्हणजे बरेच बिट, एकाच घड्याळावर चालणारे आणि चॅनेल नसलेले, तर न्यूएसएमव्ही बघा. तो स्थिती एकेक न साठवता बीडीडीमध्ये (बिटांवरच्या हो-नाही निर्णयांच्या आकृतीत) संचाने साठवतो. तिथे सगळं व्हेरिएबलच्या क्रमावर ठरतं. दोन १६ बिटी आकडे समान आहेत का, एवढंच पाहायचं असेल तर दोघांचे बिट आलटून-पालटून लावल्यास बीडीडी ५० नोडचा होतो. एका आकड्याचे सगळे बिट आधी आणि दुसऱ्याचे नंतर लावले तर १,९६,६०७ नोडचा.

प्रश्न : लाइव्हनेस (‘हवं ते कधीतरी घडतंच’ हा गुणधर्म) तपासताना ट्रेल येतो, पण त्यात एक प्रोसेस कधी हलतच नाही. अशी चूक खरी मानायची का? (मुंबई)

उत्तर : शेड्यूलर प्रत्येकाला कधीतरी संधी देतोच असं साधन आपणहून धरत नाही. स्पिनमध्ये वीक फेअरनेसचा पर्याय चालू करा, म्हणजे सतत चालायला तयार असलेली प्रोसेस कायमची डावलली जाणार नाही. त्याची किंमत मोजावी लागते : प्रोसेस पाच असतील तर शोध सात पटींपर्यंत वाढू शकतो. पण आधी एक खात्री करा. तुमच्या प्रत्यक्ष सिस्टिममध्ये ठरलेल्या प्रायॉरिटीने थ्रेड चालत असतील, तर खालच्या प्रायॉरिटीचा थ्रेड खरोखरच उपाशी राहू शकतो. मग तो ट्रेल खरा आहे, आणि फेअरनेस चालू करून तुम्ही तो लपवाल.

प्रश्न : वेगळं मॉडेल लिहायला वेळ नाही. सी कोड सरळ तपासता येईल का? (एम्बेडेड प्रोग्रॅमर, चाकण)

उत्तर : येईल. सीबीएमसी हे साधन याचसाठी आहे. ते लूप ठरावीक वेळा उलगडतं, सगळा प्रोग्रॅम एका मोठ्या तार्किक सूत्रात बदलतं आणि सॅट सॉल्व्हरला (सूत्र खरं करणारी मूल्यं शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारतं की असर्शन, म्हणजे कोडमध्ये लिहिलेली खरी असायलाच हवी अशी अट, मोडणारे इनपुट आहेत का. सगळा प्रोजेक्ट एकदम देऊ नका. एक फंक्शन घ्या, त्याला कोणतंही मूल्य असू शकणारे इनपुट द्या, त्यांच्यावरच्या खऱ्या अटी अझ्युम म्हणून लिहा आणि अ‍ॅरेची मर्यादा, पॉइंटर, ओव्हरफ्लो यांच्या तपासण्या चालू करा.

घोळ होतो तो उलगडण्याच्या आकड्यात. १० फेऱ्यांच्या लूपला ११ द्यावे लागतात, कारण शेवटची अट खोटी ठरतानाही एकदा तपासली जाते. कमी दिले आणि अनवाइंडिंग असर्शन (लूप पुरेसा उलगडला का ही तपासणी) बंद असेल तर पुढच्या फेऱ्या गुपचूप गळतात. जुन्या आवृत्त्यांत तो पर्याय स्वतः चालू करावा लागतो. ज्या लूपला मर्यादाच नाही तिथे ही पद्धत चुका शोधते, पण चूक नाही हे सिद्ध करत नाही. त्यासाठी अ‍ॅब्स्ट्रॅक्शन आणि इंडक्शन वापरणारी साधनं लागतात. पुण्यात टीसीएस रिसर्चमध्ये तयार झालेलं व्हेरीअ‍ॅब्स हे सी प्रोग्रॅमसाठी अशा अनेक पद्धती एकत्र वापरतं.

आणखी एक : अझ्युम लिहिताना हात आखडता ठेवा. दोन अटी एकमेकींशी विसंगत झाल्या तर एकही इनपुट उरत नाही आणि सगळी असर्शन आपोआप पास होतात. म्हणून अझ्युमनंतर मुद्दाम एक ‘असर्ट खोटं’ टाकून चालवा. ते नापास झालं पाहिजे.

प्रश्न : साधन ‘शून्य चुका’ म्हणालं. आता सही करू का? (प्रोजेक्ट लीड, पुणे)

उत्तर : सही करण्याआधी मॉडेल मुद्दाम मोडा. लॉक सोडण्याची ओळ काढा, एखादी तुलना उलटी करा, आणि साधन आरडाओरडा करतं का पाहा. करत नसेल तर फॉर्म्युला पोकळ आहे. ‘विनंती आली तर उत्तर येतं’ हे विनंती कधी येतच नसेल तेव्हाही खरंच असतं. म्हणून ‘विनंती कधीच येत नाही’ हा गुणधर्मही वेगळा तपासा. तो मोडला पाहिजे. स्पिन शेवटी कोणत्या ओळी गाठल्याच गेल्या नाहीत याची यादी छापतो. ती ओळ न ओळ वाचा. तिच्यात एरर हँडलिंगचा सगळा भाग दिसला, तर बिघाडाची वाट तुमच्या मॉडेलमध्ये उघडलेलीच नाही.

मग मॉडेलच्या बाहेर काय राहिलं ते लिहून काढा. नासाच्या डीप स्पेस १ यानाच्या रिमोट एजंट या सॉफ्टवेअरचा एक भाग १९९७ मध्ये स्पिनमध्ये मॉडेल करून तपासला गेला आणि त्यात पाच चुका सापडल्या. मे १९९९ मध्ये यान अंतराळात असताना सॉफ्टवेअर डेडलॉकमध्ये (सगळे एकमेकांसाठी थांबून राहतात अशा स्थितीत) अडकलं. कारण होतं त्या पाचांतल्या एकीसारखीच चूक, पण मॉडेल न केलेल्या भागात. तपासणीचा निकाल चुकला नव्हता, तो त्या भागाबद्दल काही बोलतच नव्हता. त्यामुळे एक चूक सापडली की तसाच साचा बाकी कोडमध्ये कुठे कुठे आहे ते लगेच शोधा. दोन ओळींमधली फट एका ठिकाणी असेल तर त्याच टीमने लिहिलेल्या दुसऱ्या फाइलमध्येही असण्याची शक्यता चांगलीच असते.

मॉडेल, गुणधर्म, सापडलेले ट्रेल आणि साधन कोणत्या पर्यायांनी चालवलं ती कमांड, सगळं कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा. लॉकिंग किंवा संदेशांचा क्रम बदलणारा प्रत्येक बदल आला की तपासणी पुन्हा चालली पाहिजे. सही करताना ‘सॉफ्टवेअर तपासलं’ असं लिहू नका. कोणते गुणधर्म, किती प्रोसेस, किती घरांचे चॅनेल आणि कोणती गृहीतकं, एवढं त्या कागदावर असू द्या.